डीकन गॅडसन ज्यूरीवर जातात

गुरुवारी सकाळी सहालाच चर्चचे सेवेकरी डीकन हेझकाया गॅडसन कोट, टाय आणि चकचकीत बूट घालून स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. अर्नेस्टीनबाई अजून झोपायच्या गाऊनमध्येच मक्याची लापशी ढवळत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

“मिस्टर गॅडसन, कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं. आज ज्यूरीवर जायचंय ना मला!”

“कोर्ट नऊला उघडतं.”

“उशीर नको.”

“तीन तास आधी उशीर कसा होतो म्हणे? आणि साडेसातला डोळ्यांचा डॉक्टर आहे, त्याचं काय? मी कालपासून सांगतेय, फोन करा आणि पुढची तारीख घ्या.”

“तीन महिन्यांनी मिळालीय ती तारीख. डोळे तपासतो आणि तसाच कोर्टात जातो. न्याय करायचा तर नजर साफ हवी, टीन.”

अर्नेस्टीनबाईंनी लापशीत लोणी टाकले आणि गाडीची किल्ली शोधायला घेतली. नवऱ्याने नाव तोडून हाक मारली की त्याचे ठरलेले असते, एवढे त्यांना पंचेचाळीस वर्षांच्या संसाराने शिकवले होते.

ज्यूरीचे समन्स येणे ही मर्टलफोर्ड गावात कोणाला आनंदाची गोष्ट वाटत नसे. डीकनना हे सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होते, कारण एकेचाळीस वर्षे ते त्या गावाचे पोस्टमन होते. कोर्टाचा तो लांबट, पिवळसर लिफाफा त्यांनी हजारो घरी नेऊन दिला. तो हातात पडताच लोकांना एकदम पाठदुखी सुरू होई. एका माणसाने तर आपण ठार बहिरे झाल्याचे डीकनच्या तोंडावर सांगितले, आणि “बरं, येतो” असे डीकन पुटपुटले तेव्हा “या हं, सावकाश जा” असे उत्तरही दिले. अशा लिफाफ्यांची थैली एकेचाळीस वर्षे खांद्यावरून वाहिली, पण त्यातला एकही कधी डीकनच्या स्वतःच्या नावाचा निघाला नाही. त्यांच्या वडिलांच्या काळी तर त्या कोर्टात आपल्या काळ्या माणसाचा हात फक्त झाडूला लागत असे. त्यामुळे एकोणसत्तराव्या वर्षी तो लिफाफा जेव्हा दारात आला, तेव्हा डीकननी तो दोन दिवस न फोडता टेबलावर ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून.

“काका, पासष्टच्या वरच्यांना सूट आहे,” कोर्टातल्या कारकून बाईने फोनवर सांगितले होते. “नाही आलात तरी चालेल.”

“तुम्ही मला यायला बंदी करताय का?”

“नाही, नाही!”

“मग मी येतोय,” असे म्हणून डीकननी फोन ठेवला होता.

गावात त्या आठवड्यात दुसरेच वारे होते. अमोस बेलफोर या वकिलावर सिनेमा निघत होता. १९३८ साली याच कोर्टात उभा राहून गोऱ्या न्यायाधीशासमोर युक्तिवाद करणारा तो पहिला काळा वकील. लॉनी नावाच्या एका गोदी कामगाराची बाजू त्याने चार दिवस मांडली आणि बारा गोऱ्यांच्या ज्यूरीने नऊ मिनिटांत लॉनीला दोषी ठरवले, ही हकिगत गावातल्या प्रत्येक घरात सांगितली जाई. आता कॅलिफोर्नियाहून मंडळी आली होती, आणि अर्ध्या गावाला गर्दीत बसायचे काम मिळाले होते. न्हाव्याकडे जुन्या पद्धतीने केस कापून घ्यायला रांग लागत होती.

कोर्टातले चित्रीकरण बुधवारी संपेल, असे वर्तमानपत्रात आले होते. पण बुधवारी मुख्य नटाचा घसा बसला आणि काम एक दिवस लांबले. मग खरे कोर्ट गुरुवारपुरते तळघरात हलवायचे ठरले, तशी सूचना मुख्य दारावर चिकटवली गेली, आणि संध्याकाळी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला सर्वांना सांगण्यातही आले. फक्त डीकन त्या संध्याकाळी तालमीला नव्हते. ज्यूरीवर ताजेतवाने दिसावे म्हणून ते सात वाजताच झोपले होते.

डॉक्टरने साडेसातला डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या अशा विस्फारल्या की जग म्हणजे पाण्यात भिजलेले चित्र झाले. अर्नेस्टीनबाईंनी नवऱ्याला काळा चष्मा चढवला, गाडीतून कोर्टाच्या पायऱ्यांशी आणून सोडले आणि विचारले, “आत नेऊन सोडू का?”

“मी इथे एकेचाळीस वर्षं टपाल टाकलंय. डोळे मिटून जाईन.”

“ते तर दिसतंच आहे,” बाई म्हणाल्या आणि बाजाराला गेल्या.

दारावरची सूचना डीकनना एक पांढरा डाग म्हणून दिसली. कोणीतरी रंग देत असेल, असे समजून त्यांनी तिला हात न लावता दार ढकलले. आत एक मुलगी हातात यादी घेऊन उभी होती.

“आज बोलावलंय का तुम्हाला?”

“पत्र आलंय.”

“नाव?”

“गॅडसन. हेझकाया.”

मुलीने यादी पाहिली. मर्टलफोर्डमध्ये दगड भिरकावला तर तो एखाद्या गॅडसनलाच लागेल. यादीत अकरा होते. “एच. गॅडसन, आहे!” असे म्हणून तिने डीकनचा चुलतभाऊ ह्यूबर्ट याच्या नावापुढे खूण केली. “फोन आणि घड्याळ इथे ठेवा. चष्मासुद्धा. आत चालणार नाही.”

कोर्टाची शिस्त आहे, ठीकच आहे, असे मनात म्हणत डीकननी सगळे काढून दिले.

“सूट मात्र फर्स्टक्लास आहे हं तुमचा! अगदी जुन्या काळातला.”

“एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा आहे,” डीकन खूष होऊन म्हणाले.

“तुम्ही वर सज्जात जा.”

पण शेवटचे वाक्य डीकनपर्यंत पोचले नाही, कारण ते निघाले होते. बारा पायऱ्या, डावीकडे वळण, जड दार, मधली वाट, उजवीकडे लाकडी कठडा. पाय बरोबर जाऊन पोचले. कठड्याच्या आत माणसांचे धूसर आकार बसले होते आणि अगदी पहिली खुर्ची रिकामी होती. डीकन तिच्यात बसले आणि त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. एकेचाळीस वर्षे आणि एक सकाळ. डोळ्यांत पाणी आले, पण ते थेंबांचेच आहे असे त्यांनी स्वतःला समजावले.

“अरे, डीकन गॅडसन!” शेजारच्या आकाराने कुजबुजून विचारले. आवाज औषधांच्या दुकानवाल्या ड्वाइट शीलीचा होता. “तुम्हीसुद्धा? ज्यूरीत?”

“पत्र आलं.”

“वा, वा! बरं झालं. सोमवारपासून आम्ही बाराच्या बारा गोरेच बसलोय इथे.”

डीकन चपापले. “बाराच्या बारा?”

“मुद्दाम निवडलेत.”

“आणि कोणी काही बोललं नाही?”

“बोलायचं काय त्यात? जेवण उत्तम देतात.”

डीकन यावर विचार करत होते, तेवढ्यात कोणीतरी ओरडले, “शांतता!” आणि लाकडावर लाकूड फटकन आपटले. न्यायाधीशांचा हातोडा, डीकननी ओळखले. ते ताठ बसले.

खरे म्हणजे ती चित्रीकरणाची पाटी होती. दिग्दर्शक कोपऱ्यात लहानशा पडद्याला नाक लावून बसला होता, आणि कॅमेऱ्यांची तोंडे आरोपी, वकील आणि वरच्या सज्जातली मंडळी यांच्याकडे होती. निकाल ऐकताना पडणारे चेहरे त्याला टिपायचे होते. ज्यूरीचा फक्त आवाज लागणार होता. म्हणून त्या पहिल्या खुर्चीत कोण बसले आहे, हे बघायचे कोणाला कारणच नव्हते.

समोर सरकारी वकील उभा राहिला आणि बोलू लागला. आरोपीला तो ‘हा पोऱ्या’ म्हणत होता. आरोपीच्या वकिलाला तर नावाने हाकच मारत नव्हता, ‘तो वर तोंड करून बोलणारा’ म्हणत होता. डीकनचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

“शीली,” ते ओठ न हलवता म्हणाले, “हे असं बोलू देतात?”

“हे काहीच नाही. काल ऐकायला हवं होतं तुम्ही. अंगावर काटा आला.”

“आणि न्यायाधीश गप्प?”

“न्यायाधीश त्याच्याच बाजूचे आहेत.”

तेवढ्यात न्यायाधीशांचा करडा आवाज आला. “वरच्या सज्जातल्या लोकांना ताकीद देतो. तिथून चकार शब्द आला, तर सगळ्यांना बाहेर काढीन. तुम्हा लोकांना इथे बसू दिलं हेच उपकार समजा.”

डीकननी वर पाहिले. सज्जात अस्पष्ट हालचाल दिसत होती.

“शीली, वर कोण बसलंय?”

“तुमचीच सगळी मंडळी. दुसरीकडे बसायची परवानगी नाही त्यांना.”

“कधीपासून?”

“सोमवारपासून.”

 सोमवारी ते बागेत टोमॅटोला काठ्या लावत होते. मंगळवारी कोटाला इस्त्री. म्हणजे आपण काठ्या लावत असताना देश पुन्हा वडिलांच्या काळात गेला आणि कोणी साधा फोनसुद्धा केला नाही! आणि अर्नेस्टीन दिवसभर रेडिओ लावून बसते, तिलाही कळले नाही?

“ज्यूरीचे प्रमुख,” न्यायाधीश म्हणाले, “उभे राहा.”

कोणी उठले नाही. शीलीने डीकनना कोपराने ढोसले. “उठा. तुम्ही.”

“मी? मी तर आत्ता आलो!”

“त्या खुर्चीत बसतो तो प्रमुख. निकाल सांगायचाय. चटकन!”

डीकन सावकाश उभे राहिले. “पुरावा काय आहे?” त्यांनी कुजबुजून विचारले.

“काही नाही. एका बाईनं लांबून सावली पाहिली म्हणे.”

“मग तुम्हा अकरा जणांचं मत काय?”

“दोषी.”

“सावलीवरून?”

“तसंच लिहिलंय, डीकन.”

“कुठे लिहिलंय?”

“कागदात! सगळ्यांना वाटलेत की!”

“ज्यूरीचा निर्णय काय?” न्यायाधीशांनी पुन्हा विचारले. समोर एक उंच, धूसर आकृती मान खाली घालून उभी होती. तिच्या शेजारी दुसरी, ताठ. वर पंखा कुरकुरत होता. डीकननी दोन्ही हातांनी कठडा धरला.

“न्यायाधीश महाराज,” ते म्हणाले, आणि चर्चमध्ये पाठीमागच्या बाकांपर्यंत पोचणारा त्यांचा आवाज आपोआप लागला, “या लोकांनी आधीच लिहून आणलंय. मी काही लिहून आणलेलं नाही. मला या माणसाचं तोंडसुद्धा दिसत नाहीये. पण सावलीवरून माणूस तुरुंगात जाणार असेल, तर या गावात दुपारी चारला घराबाहेर कोणी पडू नये. निर्दोष! आणि त्याच्या वकिलाला नावानं हाक मारा!”

 मग सज्जातून चर्चमधल्या वर्नेलबाईंची आरोळी आली, “आमेन!” आणि सज्जा फुटला. सोमवारपासून दिवसातून चारदा लॉनीला दोषी ठरताना पाहून ती मंडळी पिचून गेली होती. टोप्या उडाल्या. कोणी पाय आपटू लागले, कोणी गाऊ लागले. आरोपी झालेल्या नटाने वर पाहिले, मग वकिलाकडे पाहिले, आणि पुढे काय करायचे हे कागदात नसल्यामुळे तो वकिलाच्या गळ्यात पडून खरोखरच रडू लागला. वकिलाचा बसलेला घसा सुटला आणि तो मोठमोठ्याने हसू लागला. कोपऱ्यात दिग्दर्शक हात वर करून पडद्याकडे पाहत राहिला. थांबा म्हणायचे तो विसरला होता.

दिग्दर्शकाची मदतनीस मोनीक, चाळिशीची, अटलांटाची, धावत कठड्याशी आली. “काका, तुम्हाला इथे कोणी बसवलं? उठा, उठा. तुम्हाला वर बसायचंय.”

“का?”

“ज्यूरी सगळी गोरी हवी. काळी माणसं वर.”

डीकननी आवाजावरून ओळखले. “पोरी, तू आपल्यातलीच ना?”

“हो, काका.”

“आणि तुला हे पटतं?”

“पटायचं काय? माझं कामच आहे ते. हे बारा गोरे मीच शोधून काढलेत. तीन दिवस लागले.”

“लाज नाही वाटली?”

“लाज? किती छान मिळालेत बघा ना! एकेकाचा चेहरा कसा खडूस आहे!”

“थँक यू,” शीली म्हणाला.

“हे सगळं कोणाच्या हुकमानं चाललंय?” डीकन गरजले.

“साहेबांच्या. ते कोपऱ्यात बसलेत, टोपीवाले. कॅलिफोर्नियाचे आहेत.”

“तरीच!” डीकन मटकन खाली बसले आणि त्यांनी कठड्याला घट्ट मिठी मारली. “ऐक, पोरी. माझ्या खिशात सरकारी पत्र आहे. मी या खुर्चीतून उठणार नाही. बोलवा पोलिसांना!”

“बसून राहा, डीकन!” वरून वर्नेलबाई ओरडल्या. डीकन असे का वागत आहेत हे त्यांना मुळीच कळले नव्हते, पण त्यांना मजा येत होती.

आणि त्याच वेळी दार उघडून खरोखरच पोलीस आला. शेरीफचा हवालदार पिंकनी धापा टाकत मधल्या वाटेने पुढे आला. डीकननी दोन्ही मनगटे पुढे केली.

“लाव बेड्या.”

“कसल्या बेड्या? डीकन, मी तुम्हाला तासभर शोधतोय! न्यायाधीशबाई म्हणाल्या, हेझकाया गॅडसन गैरहजर म्हणजे नक्की कुठेतरी पडला असणार, खड्डे बघून या. नदीपर्यंत जाऊन आलो मी! तुमची ज्यूरी खाली तळघरात आहे.”

“मग ही कुठली?”

“ही सिनेमातली!”

डीकनचे हात तसेच पुढे राहिले. त्यांनी हळूहळू मान फिरवली. आता त्यांना धूसर दिव्यांची रांग दिसली, तीन पायांवर उभी असलेली काळी खोकी दिसली, आणि टोपीवाला एक आकार टाळ्या वाजवत आपल्याकडे येताना दिसला. कानाच्या पाळ्यांपर्यंत ते तापले.

“शीली,” ते म्हणाले, “तुम्ही मला सांगितलं का नाहीत?”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे! मला वाटलं, नवीन पान आलंय!”

पिंकनीने त्यांना दंडाला धरून खाली नेले. तळघरात वेगळाच गोंधळ चालला होता. सिनेमातल्या ज्यूरीचा खरा प्रमुख वेंडेल, जो एरवी गावात गळ आणि मासेमारीचे सामान विकतो, तो सकाळी लघवीला म्हणून खाली आला होता. त्याच्या कोटावर ‘ज्यूरी’ असा बिल्ला पाहून कारकून बाईने त्याला हाताला धरून इतरांत बसवले. वेंडेलला वाटले, दृश्य खाली हलवले आहे. सिनेमात त्याला एकुलता एक शब्द होता आणि तो गेले तीन दिवस त्याची तालीम करत होता. न्यायाधीश सिंगलटनबाईंनी नेहमीप्रमाणे विचारले, “या खटल्याबद्दल कोणाचं आधीच काही मत झालंय का?” त्याबरोबर वेंडेल उभा राहिला, आरोपीकडे बोट रोखून “दोषी!” असे छत हादरेल इतक्या जोरात ओरडला आणि प्रकाश नीट पडावा म्हणून थोडा डावीकडे वळला.

आरोपीवर शेजाऱ्याच्या बोटीचे इंजिन चोरल्याचा आळ होता. तो बिचारा खुर्चीवरून घसरला. त्याच्या वकिलाने लगेच हरकत घेतली, की आता या ज्यूरीतल्या एकाचेही मन स्वच्छ राहिलेले नाही. बाईंना ते मान्य करावे लागले.

डीकन दारात पोचले तेव्हा त्या सांगत होत्या, “सर्व ज्यूरी बरखास्त. नवी ज्यूरी पुढच्या महिन्यात. तुम्ही सगळे घरी जा.”

“बाई, मी हजर आहे!” डीकन ओरडले.

“डीकन! देवाची कृपा. धडधाकट आहात ना?”

“आहे. मला बसू द्या.”

“आता बसायला काही उरलंच नाही हो. तुम्ही सुटलात.”

“मला सुटायचं नाहीये! मला पुढच्या महिन्यात घ्या!”

“तसं नाही करता येत. आज बोलावलेल्यांना तीन वर्षं पुन्हा बोलवायचं नाही, असा नियम आहे.” बाईंचा आवाज मऊ झाला. लहानपणी त्यांच्या घरी डीकनच टपाल आणत. “उशीर कशानं झाला पण?”

डीकननी सगळे सांगितले. अगदी खरे, ‘निर्दोष’सकट. सिंगलटनबाईंनी ऐकता ऐकता तोंडावर फाइल धरली. फाइल बराच वेळ हलत होती.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होते. डीकन चष्मा लावून बसले. अर्नेस्टीनबाईंनी बाजारातून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचा पुडा आणला होता. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले, पुडा उघडला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. अर्धा पुडा संपल्यावर डीकननी सांगायला सुरुवात केली. ‘दुपारी चारला घराबाहेर पडू नये’ या ठिकाणी बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि डीकनना त्यांची पाठ थोपटावी लागली. थोपटता थोपटता त्यांनाही हसू फुटले.

“एक निकाल तरी दिलात आयुष्यात,” बाई डोळे पुसत म्हणाल्या.

“खोट्या कोर्टात.”

“नऊ मिनिटं तरी लागली का?”

“दोनसुद्धा नाही.”

जेवणाची सुट्टी संपून पुन्हा काम सुरू झाले, तरी दोघे पायऱ्यांवरून हलले नाहीत. वरून हाका ऐकू येत होत्या. सज्जातली मंडळी काही केल्या दुःखी होईनात, म्हणून मोनीक रडकुंडीला आली होती. निकाल ऐकून ती सगळी ज्यूरीच्या पहिल्या खुर्चीकडे आशेने बघत आणि फिदीफिदी हसत. शेवटी चारच्या सुमाराला कसेबसे जमले.

थोड्या वेळाने दार उघडले आणि जुनी विजार आणि हातात लटक्या बेड्या अशा अवतारातला एक उंच माणूस पायऱ्या उतरून आला. आता डीकनना त्याचा चेहरा दिसला. तिशीचा होता, भुवईवर रंगवलेली जखम होती.

“काका, ते तुम्हीच ना?”

“मीच. माफ कर बाबा. तुमचं काम बिघडवलं.”

“बिघडवलं?” तो त्यांच्या शेजारी बसला. “सोमवारपासून मला चौदा वेळा शिक्षा झालीय. रोज माझी मुलगी फोनवर विचारते, आज तरी सुटलास का. आज जेवणाच्या सुट्टीत तिला सांगितलं, सुटलो म्हणून. घरात नाचली ती.” तो बेड्यांशी चाळा करू लागला. “पण आत्ता परत दोषी ठरलो. आता तिला काय सांगू?”

डीकननी त्याच्या ओंजळीत शेंगा घातल्या.

“सांग,” ते म्हणाले, “अपील करतोय. वकील चांगला आहे.”